सुमनच्या वजनावर जुळवलेली गाडी

दवाखान्यात सुमन माझ्याशी शेवटचं बोलली ते गाडीचंच. "अहो, मागची खटखट काढून ठेवा. घरी जाताना मीच चालवीन." दुसऱ्या दिवशी सेक्टर दहातल्या घरासमोर मी गाडीखाली पान्हा लावून होतो, तवाच पोराचा फोन आला... बायको गेली. मी फोन ठेवला, आधी तो नट आवळला, मग दवाखान्यात गेलो. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. म्हणू द्या. काम तिनं सांगितलं होतं.

आमच्या घरी गाडी तीच चालवायची. मी भिलाईच्या पोलाद प्लांटातला फिटर, जन्मभर सायकलवर. शेजारी हसायचे, "काय भाऊ, बाई ड्रायव्हर ठेवली का?" मी म्हणायचो, "हो. तुमाले कोणी बसवत नाही, त्याले मी काय करू?"

वळणावर गाडी लय झुलायची. सुमन चिडायची, "हे गाडी आहे का पाळणा?" म्हणून मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड स्टेबलायझर बार आणला अन् मीच बसवला. त्याच्या दोन टोकांना लिंक रॉड असतात, लांबी कमीजास्त करता येते. गाडी जॅकवर लटकवून ते आवळले तर गाडी खाली आल्यावर बार पिळलेला राहतो. म्हणून चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, चालवणाऱ्याले सीटवर बसवायचं अन् मग खालून जुळवायचं. सुमन स्टेअरिंगमागे बसून वाटाणे सोलायची.

"हलू नको."

"मी कुठं हलून राहिली? तुमचाच हात हलते."

मग भिलाई-3कडे चक्कर. वळण मुद्दाम जोरात घ्यायची अन् माझ्याकडे पाहून हसायची...

तेरवी झाली अन् पोरगा म्हणाला, "बाबा, गाडी बेच देते हैं."

"कावून?"

"आता चालवणार कोण?"

"मी."

"या वयात?"

"मग कोणत्या? मागलं तर गेलं."

आता रोज सकाळी शिकून राहिलो. शिकवणारा सांगते, "काका, चालवणारा बदलला, लिंक पुन्हा जुळवून घ्या." बरोबर सांगते. मी सुमनपेक्षा बराच जड. पण त्या लिंकची लांबी मी बदलणार नाही, कोणाले बदलूही देणार नाही. उजवीकडे वळताना गाडी जराशी अडते, मले तरी तसं वाटते. अडू दे... मी हळू वळवतो.