दोन गाड्या, तीन म्हाताऱ्या आणि दुसऱ्या राज्यात गेलेला समुद्र

आंध्राचे दोन तुकडे झाले तेव्हा हैदराबाद आमच्या वाट्याला आलं आणि समुद्र त्यांच्या. त्याआधीही हैदराबादेतल्या आमच्या मलकपेठेत भरती-ओहोटी येत नव्हती, हे मान्य. पण आपला समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर असणं वेगळं आणि परक्यांचा समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर असणं वेगळं, असं त्या वर्षी सगळे इतक्या जोरात सांगत होते की मलाही पटायला लागलं होतं.

माझी मैत्रीण पद्मा त्याच किनाऱ्यावरची. विशाखापट्टणमच्या पुढे, भीमिलीजवळच्या एका गावात तिच्या वडिलांचं घर आहे. ती आठव्या वर्षी हैदराबादला आली, माझ्याच कॉन्व्हेंटमध्ये शिकली, नर्स म्हणून निवृत्त झाली आणि चिक्कडपल्लीत एकटी राहते. म्हणजे तेव्हा राहत होती. अमेरिकेतल्या भावाचा तिला फोन आला: वादळात घराचं निम्मं छप्पर गेलंय, संक्रांतीच्या आत विकून टाकू. विकायचं नसेल तर तू तिकडे जाऊन राहा, तुझ्यासाठी हैदराबाद आता परराज्यच आहे. इतक्या लांबून इतका सल्ला देणाऱ्या माणसाचं फोनचं बिल कोण भरतं, असं मी विचारलं. पद्मा हसली नाही. म्हणाली, एकदा डोळ्यांनी बघते आणि मग ठरवते.

तिला एकटीला पाठवायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. एकटी गेलेली माणसं भावुक होतात. सोबत मी असले तर ती सही करून, घर विकून, परत येणार याची मला खात्री होती.

वादळानंतर किनाऱ्यालगतचे बरेच रस्ते मोडलेले, चारचाकी पोचेलच असं नाही, असं कळलं. ही बातमी ऐकून आनंद झालेली एकमेव बाई म्हणजे जुबेदा, आमची तिसरी वर्गमैत्रीण. तिने तीस वर्षं मलकपेठेत बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. तिची साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल तिच्याइतकीच रुंद आहे, म्हणून पद्मा तिच्या मागे. माझी दीडशेची, उंच, खडबडीत वाटांसाठी बनवलेली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी ती घेतली तेव्हा नातेवाईकांनी डोकं तपासून घे म्हटलं होतं. तपासायला मी मोटरसायकलवरूनच गेले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला गुडघे जुळवून बसायला शिकवलं होतं. ते शिक्षण या प्रवासात फार उपयोगी पडलं नाही.

पहिला दिवस, हैदराबाद ते विजयवाडा. पावणेतीनशे किलोमीटर, उत्तम चौपदरी रस्ता, दुचाकीला टोल नाही. पहाटे पाचला निघा, दहाच्या आत ऊन व्हायच्या आधी सूर्यापेठ मागे टाका. नवी सरहद्द कुठे लागते ते बघायला मी डोळे ताणून बसले होते. दोन बाजूंना त्याच रंगाची माती, त्याच जातीच्या म्हशी. फक्त पाट्यांवरचे पुढाऱ्यांचे हसरे चेहरे बदलले.

विजयवाड्यात हॉटेलच्या मॅनेजरने तीन हेल्मेटं पाहिली आणि विचारलं, "जेंट्स मागून येतायत का?"

"आले की कळवा," मी म्हटलं. "आम्हालाही बघायचेत."

खोली आठशे रुपयांत मिळाली, तिघींना पुरली. नाश्त्याला पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, पोटात उपमा भरलेला. हैदराबादचा पेसरट्टू हा त्याचा दूरचा, आजारी नातेवाईक आहे, असं पद्मा म्हणाली. मी लगेच नोंद घेतली की किनाऱ्याच्या बाजूने हा एक गुण झाला, आणि पाण्याला मचूळ चव आहे हे दोनदा बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काकिनाडा, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे खरी मजा सुरू झाली. उप्पाडाच्या बाजूला समुद्र रस्ता खातो. हे काव्य नाही, डांबराचे चावलेले तुकडे काठावर लोंबत असतात. लाटा अडवायला टाकलेले दगड रस्त्यावर आलेले, त्यांच्यामधून वाट काढायची. तिथून पुढे आम्ही डांबर सोडलं आणि वाळूतल्या, ताडांच्या खालच्या, मच्छीमारांच्या वाटा धरल्या. जाणाऱ्यांसाठी सांगते: चाकांतली हवा थोडी कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चालवा आणि काही झालं तरी पुढचा ब्रेक दाबू नका. मी दाबला. वाळू मऊ असते, एवढंच वाळूबद्दल चांगलं बोलता येईल.

जुबेदा मागे वळूनही न बघता ओरडली, "उठ गे, फर्स्ट डे की स्टूडेंटां भी ऐसा नै गिरते."

एका खाडीवर पूल नव्हता. दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून गाड्या पलीकडे नेतात. कोळ्याने माणशी वीस आणि गाडीचे पन्नास सांगितले, तेही संकोचत. मी पद्माकडे बघून म्हटलं, दवाखान्यात जायचं झालं तर हीच अँब्युलन्स. ती पाण्यात हात घालून बसली होती. प्रत्येक खड्डा, प्रत्येक तुटलेला खांब मी माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून दाखवत होते. इतका खराब किनारा मिळाल्याबद्दल मी मनातून वादळाची आभारी होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

विशाखापट्टणमला मुक्काम केला आणि चौथ्या दिवशी भीमिली. डावीकडे टेकड्या, उजवीकडे खडकांवर आपटणारं पाणी, मध्ये रस्ता. दृश्य सुंदर आहे, त्याला माझा नाइलाज आहे. शेवटचे दोन किलोमीटर पडलेल्या नारळांच्या खोडांमधून गाड्या ढकलत नेल्या.

घर होतं तसंच होतं, म्हणजे निम्मं. एका बाजूची कौलं गेलेली, दारं फुगलेली, आत घोट्यापर्यंत वाळू. मला हायसं वाटलं. इथे राहायला काही उरलंच नव्हतं. पद्माने कुठूनतरी खराटा शोधला आणि वाळू काढायला सुरुवात केली. विकायचं घर कशाला झाडतेस, असं मी विचारलं. घेणारा येईल तेव्हा बरं दिसावं, असं ती म्हणेल ही माझी अपेक्षा. ती म्हणाली, "पाय बाजूला घे." दीड तास झाडत होती. शेजारची एक म्हातारी येऊन उंबऱ्यावर बसली आणि पद्माला तिच्या आईच्या नावाने हाक मारू लागली. मी बाहेर गेले.

दुपारी जेवायला गावाकडे निघालो तर नाक्यावर पोलिसाने हात केला. कागद मागितले. माझे पाहिले, परत दिले. जुबेदाचे पाहिले, नंबरची पाटी पाहिली, पुन्हा कागद पाहिले.

इथे थोडं सांगायला हवं. नवं राज्य झालं त्याच सकाळी जुबेदाने पेंटर बोलावून आपल्या गाडीच्या पाटीवरच्या 'एपी'चं 'टीएस', म्हणजे तेलंगणा, करून घेतलं होतं. आमच्याकडे तेव्हा बऱ्याच उत्साही लोकांनी हे केलं. आधी आनंद, मग नियम वाचणं. कागदांवर अर्थातच 'एपी' तसंच. मी तेव्हाच बोलले होते, पण मी सगळ्याच गोष्टींबद्दल बोलते, म्हणून माझ्या बोलण्याला किंमत नसते.

"एक गाडी तेलंगणाची, एक आंध्राची," पोलीस म्हणाला. "तुम्ही दोघी कुठे भेटलात?"

"स्कूल में," जुबेदा म्हणाली.

तो हसला, पण गाडी सोडली नाही. पाटी एक आणि कागद दुसरे, म्हणजे त्याच्या लेखी गाडी संशयास्पद, आणि त्याचं चुकत नव्हतं. चौकीत नेलं. पाटी पुन्हा रंगवून आणा, तोवर इथल्या कोणा रहिवाशाने हमी द्यावी, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहावा, सही करावी, एवढं त्याचं म्हणणं. मी त्याला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत कायदा ऐकवला. त्याने मला खुर्ची दिली आणि पंखा माझ्याकडे वळवला. तेवढाच परिणाम.

मग पद्मा पुढे झाली. वाटेतल्या हॉटेलांमध्ये तिने सगळीकडे चिक्कडपल्लीचा पत्ता लिहिला होता, मी पाहत होते. इथे तिने पेन घेतलं, 'राहणार' या रकान्याशी थांबली आणि तेलुगूत त्या निम्म्या घराचा पत्ता लिहिला. घर क्रमांकासकट. पोलिसाने तिच्याकडे आणि पत्त्याकडे पाहिलं, तिच्या वडिलांचं नाव घेतलं, आणि आवाज बदलून चहा मागवला.

मी हळूच विचारलं, "गाडी सुटावी म्हणून लिहिलंस ना?"

"नाही."

"पद्मा."

"पोलिसासमोर खोटं कशाला लिहू?" ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.

पेंटरने वीस मिनिटांत टीएसचं एपी केलं. जुबेदाने तेवढा वेळ पाठ फिरवून घेतली, बघवेना म्हणाली. पुढचे दोन दिवस आम्ही तिथे राहिलो, सुतार आणि कौलं शोधली, आणि मी पद्माशी मीठ दे, पाणी दे, याखेरीज एक शब्द बोलले नाही. निरोप घेतानाही हेल्मेट आधी घातलं.

परत येताना गाड्या रेल्वेने पाठवल्या. इच्छुकांनी लक्षात ठेवावं: टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गाडी गोणपाटात गुंडाळून द्यावी लागते, कागदांच्या झेरॉक्स जवळ हव्यात. आणि पाटीवर कागदावरचाच नंबर हवा.

सिकंदराबादच्या गाडीत आम्ही दोघीच. तिसऱ्या बर्थवर एक गृहस्थ घोरत होते. जुबेदा म्हणाली, "तू तेरी परभणीवाली फूफी बन गई."

हे वर्मी लागलं. जुनं हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा आमचा मराठवाडा तुटला आणि पुढे महाराष्ट्रात गेला. सगळे काका तिकडे. वडिलांनी मात्र फॉर्मवर हैदराबाद लिहिलं, नोकरी इथली, घर इथलं. परभणीच्या आत्याला तो दगा वाटला. चार वर्षं तिने राखी पाठवली नाही. दर श्रावणात वडील पोस्टमनला दोनदा विचारायचे आणि आत येऊन आम्हाला उगाच रागवायचे. मी ही गोष्ट शाळेत या दोघींना सांगितली होती आणि आत्याला नको नको ते म्हटलं होतं.

घरी आले, गोणपाट सोडलं, चाकांतली वाळू धुतली. लोक विचारतात, जावं का? जरूर जा. नोव्हेंबर ते जानेवारी चांगले. रस्ता वाईट, जेवण उत्कृष्ट, माणसं तुमच्या लायकीपेक्षा चांगली वागतात. परत येताना माणसं मोजून घ्या, एवढंच.

आठवडाभराने मी फोन लावला. पद्माने उचलला, मागे हातोड्याचा आवाज. कौलं बसत होती. मी सॉरी वगैरे म्हटलं नाही, मला ते जमत नाही. चिक्कडपल्लीचा फ्लॅट विकणार की भाड्याने देणार, एवढं विचारलं, कारण विकणार असेल तर गिऱ्हाइकं कशी पळवून लावायची याची माझी योजना तयार होती.

"दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना," ती म्हणाली, "मग भाडेकरू कशाला? शनिवारी जाऊन खिडक्या उघडत जा. वास येतो बंद घराला."

मला पगाराशिवाय कामाला ठेवल्याबद्दल मी तिला बरंच सुनावलं. ती ऐकत होती, मध्येच सुताराला काहीतरी सांगत होती. शनिवारी दुपारी मी गेले. सगळ्या खिडक्या उघडल्या, तिच्या खुर्चीत बसून एक कप चहा घेतला आणि पाच वाजता एकेक करून बंद केल्या.