आबांच्या तब्येतीचे तीन साक्षीदार

अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटला की त्याचे तुकडे मागे राहतात. ते तुकडे न्यूट्रॉन किती गिळतात, हे जगभरच्या प्रयोगशाळा मोजतात, आणि एकीचं दुसरीशी जुळेल तर शपथ. सगळं तपासून एक भरवशाचा आकडा ठरवायचा, ही माझी मुंबईतली नोकरी. आमचे वडील, आबा, आमच्या गावात, पासलीत, सांगायचे, "पोरगी लोकांच्या चुका काढती." वर म्हणायचे, "घरी फुकट काढायची, आता पगार घेती."

नव्वद सालची भातकापणी चालू होती. त्या आठवड्यात माझ्यापुढे तीन मोजण्या होत्या, तिन्ही अगदी जुळत्या. मी खूश. मग मुळापासून वाचलं, तर तिघांनीही आपलं माप, सोनं किती न्यूट्रॉन गिळतं याच्या एकाच जुन्या आकड्याशी ताडलेलं. तो आकडाच चुकीचा असला तर तिघेही चुकलेले. म्हणजे साक्षीदार एकच. माझा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी दादाचा वेल्ह्यातल्या बूथवरून फोन आला. "आबांना नुसता खोकला हाय, तू येऊ नगंस." भोंगवलीच्या आत्याने फोनवर तेच सांगितलं होतं, आणि नसरापूरहून आमचा तांदूळ घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानेही तेच. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कुठला? आबाच म्हनले."

"आणि आत्याला कुणी सांगितलं?"

"आबांनीच. टेम्पोवाल्याला बी."

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

आबा ओटीवर बसले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात असे. मला बघून भडकलेच. "कुनी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. सगळे बरं आहे म्हणाले, म्हणून आले."

ते हसायला गेले आणि खोकतच राहिले. वेल्ह्याहून मला घेऊन आलेल्या जीपनेच त्यांना पुण्याला नेलं. छातीत पाणी झालं होतं. अजून आठवडाभर आम्ही 'नुसता खोकला' म्हणत बसलो असतो तर हातचे गेले असते, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

त्यानंतर बरीच वर्षं लाभले मला आबा. पण एक झालं, स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांचा शब्द मी कधी धरला नाही. तेही ओळखून होते. फोन उचलला की आधी ऐकू यायचं, "हितं डॉक्टर बसल्यात, त्यास्नीच इचार." आणि मग डॉक्टरांचा आवाज काढून बोलायचे आबाच. मला कळायचं. मी विचारत राहायचे.