जनसुनावणीचे पेढे

नवस बोलताना माणसानं जरा थांबावं. मी थांबले नाही. कारखान्यांचा विषारी कचरा आमच्या गायरानात पुरणार, असं कळलं त्या दिवशी देवीपुढं बोलून बसले, "हे टळेपर्यंत गोड खाणार नाही." गायरानाच्या उताराला गावाची विहीर, दुसरं पाणी नाही. भजनी मंडळातल्या बायांनी ऐकलं अन् सगळ्यांनीच गोड सोडलं. तेव्हापासून इतके किस्से साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा आधी तोंडात येतो.

*

पहिली तकलीफ घरातच. शिरा केला, पण चाखायची सोय नाही. आमच्या ह्यांनी एक घास घेतला, साखरेचा म्हणून मी घेतलेला डबा उघडून बघितला. मी साखर समजून मीठ घातलं होतं.

"नवस तुझा, शिक्षा मला काहून?"

*

मग कंपनीचे साहेब नकाशा घेऊन आले. "खाली जाड प्लास्टिक अंथरणार. थेंबभर गळणार नाही."

तांड्यावरची लंकाबाई आमच्या मंडळातली. ती म्हणाली, "आमच्या छपरावर बी तसंच हाय, साहेब. पावसाळ्यात मुक्कामाला या की."

साहेबांनी नकाशाची घडी घातली.

*

शाळेच्या पटांगणात जनसुनावणी. बायांचं मत घ्यायच्या आधी कंपनीच्या साहेबांनी पेढे फिरवले. एक म्हणाली, "मला चालत न्हाई." दुसरी, "मला बी न्हाई." बॉक्स भरलेलाच परत गेला.

साहेबांना वाटलं, आम्हाला संशय आलाय. "अहो, पेढ्यात काही नाही!" म्हणत त्यांनी आमच्यासमोर एक खाल्ला. मग आणखी एक.

मंडळातली सगळ्यात म्हातारी गोदाकाकू हळूच म्हणाली, "तू पेढा खाऊन नांदेडला जाशील, लेकरा. पाणी आमाला प्यायचंय."

सगळा मांडव हसला. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी तेवढं लिहून घेतलं.

*

जागा रद्द झाल्याची बातमी आली, तशी देवळात नवस फेडायला बसलो. पहिला पेढा गोदाकाकूला, मग बाकीच्यांना. तिनं हातात घेतला अन् सरपंचांना विचारलं, "मंग आता त्यो कचरा कुटं चाललाय?"

"दुसऱ्या तालुक्यात, काकू. एका गावाच्या तळ्यापाशी."

काकूनं पेढा ताटात परत ठेवला. लंकाबाईनं ठेवला. मग एकेकीनं ठेवला.

"काकू, मी तर अर्धा खाल्ला," मी म्हणाले.

"ऱ्हायलेला अर्धा ठेव."

*

त्या गावची सुनावणी अजून व्हायची आहे. तोवर तुम्हीही एखादं गोड सोडा, एवढंच मागणं. फक्त शिरा सोडू नका. तो आमच्या ह्यांनी सोडलाय.