घोड्याच्या कपाळावरचं तांबं

शाळेत असताना इतिहास म्हणजे मला दुसऱ्यांच्या घरची भानगड वाटायची. लढले ते, तह केले त्यांनी, आणि सनावळ्या पाठ करायच्या आम्ही. कॉलेजात सरांनी पहिल्यांदा पांढऱ्या पडद्यावर मोहेंजोदडोच्या विटा दाखवल्या, इराकमधल्या उर शहरातली राजांची थडगी दाखवली, तेव्हा मात्र मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तरीही ते सगळं दूरचंच होतं. मग एक दिवस सर सहज म्हणाले, की असलं जुनं काही बघायचं असेल तर काटोल रोडच्या बसमध्ये बसा. कळमेश्वरच्या अलीकडे माळावर काळ्या दगडांची वर्तुळं आहेत, आणि त्यांच्या पोटात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली आहेत. मला ती थट्टाच वाटली. नागपूरला संत्री असतात आणि ऊन असतं. संस्कृती वगैरे पुण्याकडे, असा आमचा ठाम समज करून दिलेला होता.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. त्या हिवाळ्यात सर तिथं उत्खनन करणार होते आणि मला जायचंच होतं. तंबूत मुलींची सोय नाही, असं ते म्हणाले. मी भांडले. भांडायला मी पहिल्यापासून पक्की. शेवटी वैतागून ते म्हणाले, "ये. पण एक चूक झाली की परत पाठवीन, आणि मग पुढच्या वर्षी विचारायलाही येऊ नकोस." ते बोलल्याप्रमाणे वागणारे होते. उत्खननाचा एक हंगाम गाठीशी नसेल तर या विषयात पुढे कोणी दारातही उभं करत नसे, त्यामुळे माझं पुढचं सगळं त्या माळावर ठरणार होतं.

घरी आईनं स्थळं बघायला घेतली होती. माझ्या बाजूनं एकटे बाबा. सक्करदऱ्याला आमचं घर, आणि बाबांचा टांगा. शहरात ऑटो वाढत चालले होते, सवारी कमी झाली होती, पण बाबांचा घोडा आणि त्याचा साज नवरदेवासारखा असायचा. दर रविवारी चिंच आणि राख घेऊन बाबा साजाचं पितळ घासत बसायचे. आई म्हणायची, एवढी काळजी माझी घेतली असती तर! बाबा हसायचे आणि घासत राहायचे.

छावणीला भाजीपाला पोचवायचं काम सरांनी बाबांनाच दिलं. दर शनिवारी ते टांगा घेऊन यायचे, घोड्याला रात्रभर विसावा द्यायचे आणि रविवारी दुपारी परत निघायचे.

वर्तुळ बाहेरून बघितलं तर काहीच नाही. गावातले लोक त्याला जुन्या गवळ्यांचा गोठा म्हणायचे. आतले गोटे काढले, माती थराथरानं उतरवली, आणि एका सकाळी माझ्या कुंच्याखाली दातांची एक ओळ आली. लांब, पिवळट, मजबूत दात. मी घोड्याच्या घरातली मुलगी. दुसऱ्या कोणी सांगायच्या आधीच ओरडले, "सर, घोडा!"

पुढचे दिवस मी जेवताना जेवत नव्हते आणि झोपताना झोपत नव्हते. जबडा आला, डोळ्यांच्या खोबण्या आल्या, आणि कपाळावर दोन्ही बाजूंनी तांब्याच्या दोन लांब पट्ट्या आल्या, मातीनं आणि हिरव्या थरानं माखलेल्या. घोड्याचा साज! कोणीतरी हा घोडा सजवून मातीत ठेवला होता. ते कोण होते, कुठली भाषा बोलत होते, घोड्याला काय नावानं हाक मारत होते, काही काही माहीत नाही. आणि मी त्याच्या कपाळावर फुंकर घालत होते. असं वाटे, की जरा जोरात फुंकलं तर कान हलवेल. मला इतकं भरून आलं की चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं.

सरांनी पट्ट्या भिंगातून पाहिल्या आणि त्यांचाही आवाज उतरला. ते म्हणाले, "चामडं केव्हाच कुजलं, पण तांब्याच्या हिरव्या थरात त्याचा ठसा राहिलेला असणार. वरची माती तेवढी काढायची. हिरव्याला हात लावायचा नाही." पट्ट्या जपून उचलल्या आणि छावणीतल्या कडुलिंबाखाली सावलीत ताटात ठेवल्या.

त्या शनिवारी बाबा आले तेव्हा मी त्यांना ओढतच खड्ड्याकडे नेलं. बाबा काठावर उकिडवे बसले.

"मेला कसा वं हा?" त्यांनी विचारलं.

"मारला जी, बाबा. मालक मेला म्हणून. हे पाहा, हाडावर कुऱ्हाडीची खूण हाये."

"काहून? त्याचा काय गुन्हा होता?"

"मालकासोबत जावा म्हणून. त्यायची तशी रीत होती."

छप्पन साली बाबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून जीव घ्यायचा नाही हे व्रत त्यांनी डाससुद्धा न मारण्यापर्यंत पाळलेलं. ते उठले आणि आपल्या घोड्याजवळ जाऊन उभे राहिले. रात्री जेवणातही त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांबरोबर खड्ड्यात मापं घेत होते. दुपारी छावणीत आलो तर कडुलिंबाखाली बाबा मांडी घालून बसलेले. शेजारी वाटीत स्वयंपाकातली चिंच, चुलीतली राख. आणि हातात ती पट्टी. ती अशी झळकत होती की डोळे दिपावेत. लालसर, कोवळं, जिवंत तांबं.

बाबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता.

"मालक तं गेला सोडून," ते म्हणाले. "कोनं तरी साज साफ कराले पायजे ना त्याचा. दुसरी पट्टी घेतोच आता."

मी किंचाळले. बाबांच्या हातातली राख सांडली. सर माझ्यामागून येऊन थबकले, आणि त्यांचा चेहरा पाहून बाबांना कळलं, की काहीतरी भलतंच झालं आहे.

"कोणी केलं हे?" सरांना समोर दिसत होतं तरी त्यांनी विचारलं.

"म्या केलं, साहेब." बाबा हात जोडून उभे राहिले. "पोरीले काही ठाव नव्हतं. मले काय सजा द्याची ते द्या. तिले काढू नका."

मला बाबांचा संताप आला होता, सरांची भीती वाटत होती, आणि त्या जोडलेल्या हातांकडे तर बघवतच नव्हतं. सरांनी पट्टी घेतली आणि ते खड्ड्याकडे चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो. ते आत उतरले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ती पट्टी घोड्याच्या कपाळावर होती तिथं परत ठेवली.

ऊन खड्ड्यात उतरलं होतं. तांबं पेटल्यासारखं झालं आणि तो सगळा मातकट सांगाडा एकदम घोडा झाला. मिरवत निघालेला, मान वर केलेला, सगळ्या गावानं बाजूला होऊन वाट द्यावी असा घोडा. मजूर काठावर गोळा झाले. मी रडत होते आणि आता मला चष्म्याचं निमित्तही सुचलं नाही.

"इतकी वर्षं खणतोय," सर हळू म्हणाले, "सगळं हिरवंच पाहिलं. त्या लोकांनी पाहिलं ते हे." मग थोड्या वेळानं त्यांनी पट्टी उचलली. "ठसा गेला. तो आता कोणालाच परत आणता येणार नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसरी पट्टी तू साफ करायचीस. घाई करायची नाही. हंगाम संपेपर्यंत वेळ लागला तरी चालेल."

म्हणजे मी राहिले होते! बाबांनी खाली वाकून सरांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. सरांनी त्यांना मध्येच धरलं आणि जेवायला चला म्हणाले.

पुढचे दिवस मी त्या पट्टीवर ओणवी असायची. ओला कुंचा, बाभळीचा काटा, भिंग. मातीचा एकेक कण सुटत गेला, आणि हिरव्या थरात एका कोपऱ्यात बारीक बारीक टिंबं दिसू लागली. आधी मला डोळ्यांचा भास वाटला. मग कळलं. चामड्यावर केसांची मुळं असतात ना, त्यांची छिद्रं. बाजूला शिवण गेल्याची तिरपी रेघ. कोणीतरी बसून हा पट्टा शिवला होता. तो हात, तो दाभण, ज्याचं चामडं होतं ते जनावर, सगळं गेलं आणि टाके मात्र राहिले. मी श्वास घ्यायला घाबरत होते.

पुढच्या शनिवारी बाबा आले. भाजी उतरवून परस्पर निघायच्या बेतात होते, मी त्यांना थांबवलं.

"बाबा, इकडे या जी. पाहाच तुमी."

ते आले, पण ताटापासून दूर उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मी भिंग धरलं. त्यांनी हात न सोडताच मान पुढे केली. इतका वेळ पाहिलं की माझा हात अवघडला.

"हे तं आपल्या पट्ट्यावानी हाय वं," ते म्हणाले. "टाकेबी तसेच." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "म्या घासली तिच्यावरबी हे होतं?"

नसावं असं म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? ती पट्टी तर लख्ख झाली होती. पण ताटातली दुसरी माझ्यासमोर होती आणि तिच्याशेजारी उभं राहून माझी जीभ खोटं बोलेना.

"होतं, बाबा," मी म्हटलं.

बाबांचे डोळे भरले. ते पुन्हा वाकले, भिंगातून त्या टाक्यांकडे एकदा पाहिलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मंग हे तरी नीट ठेव, माय."