उद्याचं पान

आज इथं सुरतेत लाईट गेली. ती आल्यावर मी मेणबत्ती फुंकली आणि त्या धुराच्या वासानं मला थेट केडगावच्या विहारात नेऊन बसवलं.

लग्नानंतरचा पहिला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले ते तीन महिने. रोज संध्याकाळी एकानं बुद्धांच्या ग्रंथाचं एक पान वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. माझी शाळा चौथीत सुटलेली, जोडाक्षर आलं की जीभ अडकायची. बाकी सुना शिकलेल्या. म्हणून दिवस मोजून माझ्या पाळीचं पान मी ह्यांच्याकडून वाचून घेतलं आणि आदल्या दिवशी घरीच बसून पाठ केलं.

पांढरी लुगडी, मेणबत्त्यांच्या हलणाऱ्या ज्योती, सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं आठवतं. ग्रंथात खूण घातलेलं पान उघडून मी घडाघडा म्हणत सुटले. शेजारी बसलेल्या कमलकाकूंनी पानावर बोट ठेवलं.

"सूनबाई, काल पावसानं वाचन झालंच न्हाई. तू म्हणतीस ते पान उद्याचं हाय."

कानशिलं तापली. चष्मा घरी राहिला, असं सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "काकू, मला नीट वाचता येत न्हाई. पाठ केलं हुतं."

कुणीतरी फिसकन हसलं. काकू म्हणाल्या, "एवढं पाठ केलंस? मला तर शेगडीवरचं दूध ध्यानात ऱ्हात न्हाई! वाच सावकाश. आमाला कुठं जायचंय?"

तेव्हा उठून पळावंसं वाटलं होतं. नव्या माणसांत अजूनही छातीत धडधडतं. पण आता डोळे मिटले की दिसतं, मी अक्षराला अक्षर जोडत एक ओळ वाचतेय आणि ती संपेपर्यंत विहारातलं कुणीच उठत नाही.