‘आमच्या भागातील विहिरी’ हा प्रबंधच आहे

तुळशीराम गुरुजींना मी प्रथम पाहिले ते उंद्रीला, आमच्या मळ्यात. ही हकीकत माझ्या घराण्याला शोभा देणारी नाही. पण या गौरवग्रंथाच्या संपादकांनी पहिल्या परिचयापासून लिहायला सांगितले आहे, म्हणून तिथूनच लिहितो.

गुरुजी त्या वर्षी बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आले होते. मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. पांढरा स्वच्छ सदरा, काखेत वही आणि खांद्यावर हाताहाताच्या अंतराने गाठी मारलेला दोर, असे ते विहिरीपासून वीसेक पावलांवर उभे राहिले आणि विहिरीची खोली मोजू द्यावी, अशी त्यांनी माझ्या वडिलांना विनंती केली. वडिलांना त्यांची जात ठाऊक होती. अस्पृश्यता कायद्याने गेली होती, आमच्या मळ्यातून गेली नव्हती. वडिलांनी त्यांना वर येऊ दिले नाही, त्यांचा दोरही पाण्यात जाऊ दिला नाही. आमच्या घरचा दोर मी सोडला, हाताने मापला आणि आकडा ओरडून सांगितला. गुरुजींनी तो वहीत उतरवला, नमस्कार केला आणि ते भर उन्हातून परत गेले. त्यांना पाणी विचारायचे मला सुचले नाही.

नऊ वर्षे, सुटीच्या दिवशी, कधी एस.टी.ने आणि बहुतेक वेळा पायी, गुरुजी चिखली आणि मेहकर भागातल्या विहिरी पाहत हिंडले. मुरूम कुठे संपला, त्याखालचा मऊसर मांजऱ्या खडक कुठे लागला, काळा पाषाण कुठे आडवा आला, खोदणाऱ्यांनी त्या थरांना काय नावे दिली, कोणत्या महिन्यात पाणी आटते, तिथे कोण पाणी भरतो आणि कोणाला भरू देत नाहीत, हे सारे त्यांनी विहीरवार लिहिले. शेवटी सर्व विहिरींचा एकत्र विचार करून पाणी कुठे लागते आणि का, याबद्दलचे आपले मत सांगितले. या लेखनाला त्यांनी नाव दिले ‘आमच्या भागातील विहिरी’. ज्या विहिरींवर त्यांना चढू दिले गेले नाही, त्यांच्या नोंदीखाली एक टीप आहे. आमच्या विहिरीखालची टीप अशी : ‘दोर माझा नाही, हातही माझा नाही. मालकांनी वर येऊ दिले नाही. म्हणून या आकड्याची खात्री देत नाही.’ पुढे वडिलांचे नाव.

दरम्यान मी नागपूरला प्रबंधाच्या उद्योगाला लागलो. गुरुजींची बदली तोवर मेहकरला झाली होती. सुटीत माझी प्रकरणे घेऊन मी त्यांच्याकडे जात असे. ते ओळ न् ओळ वाचत, आणि त्यांच्या पत्नी सखूबाई मला जेवल्याशिवाय उठू देत नसत. माझ्या घरच्या वागणुकीचा उल्लेख दोघांनीही कधी केला नाही. एकदा मी माझ्या एका प्रकरणाला ऐटीत ‘भाष्य’ म्हटले, तेव्हा गुरुजी हसले. म्हणाले, आपल्याला आठवावे म्हणून लिहितो ते टिपण. एक विचार नीट बांधला की निबंध. दुसऱ्याचे म्हणणे उलगडून दाखवले की भाष्य. आणि प्रबंध म्हणजे आपला हात जिथवर पोचला तिथवरचे सगळे सांगायचे, पोचला नाही तेही लपवायचे नाही. माझ्या हातातले बाड यांपैकी कशातच बसत नव्हते. दहा पुस्तकांतून अकरावे तयार केले होते. विद्यापीठाने त्याला प्रबंध म्हटले, मला पदवी दिली, त्या पदवीवर मी आज पगार घेतो.

राज्य मराठीचे झाले, आणि आता ज्ञान मराठीत येणार म्हणून जिकडेतिकडे विद्वत्सभा निघाल्या. त्यांतल्या एकीने हस्तलिखिते मागवली. माझ्याच आग्रहावरून गुरुजींनी आपले लेखन पाठवले. चार महिन्यांनी उत्तर आले : लेखनाला प्रबंध म्हणता येत नाही, विहिरींखालच्या टिपा वगळल्यास ‘माहितीपर टिपण’ म्हणून संक्षेपाने छापता येईल, प्रस्तावनेत ‘स्थानिक माहितगार’ असा आपला उल्लेख करू.

माहितगार! नऊ वर्षे पायपीट करणारा माणूस माहितगार, आणि खुर्चीवरून न उठता त्याच्या वह्या कापणारे संशोधक!

आम्ही दोघे सभेच्या अध्यक्षांना भेटायला गेलो. ते सौम्यपणे म्हणाले की प्रबंधात लेखकाने दिसू नये, हा शास्त्राचा दंडक आहे. गुरुजी एरवी पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी मात्र घरची बोली तोंडात आली.

“विहिरीवर मी दिसू नये, पुस्तकातही दिसू नये. मंग दोर कोनं सोडला, हे वाचनाऱ्याले कसं समजन?”

अध्यक्षांनी त्यांच्या बोलीवर स्मित केले. गुरुजींनी बाड उचलले आणि ते बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये मीही माझी लायकी दाखवली. निदान आमच्या विहिरीखालची टीप काढा, वडिलांची अब्रू जाते, असे मी म्हणालो. गुरुजी रागावले नाहीत. ते पुढच्या रविवारी उंद्रीला आले आणि अंगणाबाहेर उभे राहून ती टीप त्यांनी माझ्या वडिलांना वाचून दाखवली. खोटे असेल तर आत्ताच खोडतो, असे म्हणाले. वडिलांना अक्षर येत नव्हते.

“खरं हाय,” ते म्हणाले. “खोडू नका.”

त्यानंतर वडिलांनी गुरुजींना आत बोलावले, असे मात्र झाले नाही. ते मी, वडील गेल्यावर, फार उशिरा केले.

या गौरवग्रंथासाठी गुरुजींच्या लेखनाची यादी माझ्याकडे आली, तेव्हा ‘विहिरी’ हे नाव ‘किरकोळ टिपणे’ या मथळ्याखाली सापडले. गौरव करणाऱ्यांनीही तोच शब्द उचलला होता! न छापलेल्याला प्रबंध कसे म्हणावे, असे मला गौरव समितीने विचारले. माझा लेख परत पाठवा, असे मी उलट कळवले. दोन पत्रांनंतर यादीत ‘प्रबंध (अप्रकाशित)’ असे पडले आहे. या कंसाची शरम गुरुजींना वाटण्याचे कारण नाही. ती तुम्हाआम्हाला वाटली पाहिजे.

गुरुजी साठीला पोचले. निवृत्तीनंतर ते पिंपळगाव राजा या गावाकडचे ओढे पाहू लागले आहेत, आणि या कामाला बारा वर्षे लागतील, असे सांगतात. ती बारा आणि वर आणखी बारा वर्षे त्यांना निरोगी लाभोत. त्यांचे पाय आणि डोळे शाबूत राहोत, सखूबाईंची सोबत राहो. शाल आणि नारळ देऊन आपण मोकळे झालो, असे या समारंभातून घरी जाताना कुणीही समजू नये. ‘विहिरीं’ची छापील प्रत आपण त्यांच्या हातात ठेवू, तोवरचे आयुष्य मी त्यांच्यासाठी मागत नाही. ती प्रत तर आपण त्यांना देणे लागतोच. मी त्याच्या पुढचे आयुष्य मागतो.