माया सोडणारी बाई

टाचणीबाईबद्दलची शंका आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. दातात तूस अडकावं आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जावी, तसं चाललं होतं. बरं, बाईत खोट काढावी तर सापडत नव्हती, आणि तेच आईला जास्त खटकत होतं. एवढी चांगली बाई उगाच कशाला चांगली असेल?

टाचणीबाई म्हणजे बसथांब्यासमोरची शिलाईवाली. पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, एकुलता मुलगा जहाजावर नोकरीला. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरून बोलायची, म्हणून हे नाव. टाचण्यांमुळे तिची प्रार्थना आणि तिची बडबड सारखीच ऐकू यायची. दुकान बोळाएवढं. दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, आणि कपडे घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा. नवं कापड कापायच्या आधी बाई त्यावर पालथा हात ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." की लगेच कात्री कचाकच चालायची. नवं गिऱ्हाईक घाबरायचं.

"बाई, बिघडलं तर तीही त्याचीच इच्छा का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं.

"बिघडलं तर तो माझा गाढवपणा. उसवून परत देईन."

अशा बाईकडे आईची मुलगी ऑफिसातली चांगली नोकरी सोडून शिवण शिकायला राहिली होती. दुकानाच्या वरच्या खोलीतच. गावाच्या या टोकाला आईबापांचं घर असताना. दिवसभराचं काम उरकलं की दोघी मशिनी झाकायच्या आणि प्रार्थनेला बसायच्या. नोकरीचं विचारा, लग्नाचं विचारा, मुलीचं उत्तर एकच, "बघू, देवाच्या मनात असेल ते."

प्रार्थना आईही करायची, रोज, न चुकता. फक्त तिची प्रार्थना म्हणजे परगावी जाताना शेजारणीला द्याव्यात तशा सूचना असायच्या. हे एवढं कर, ते तसं बघ, आणि विसरू नकोस.

मग एका संध्याकाळी फोनवर मुलगी म्हणाली, "आज बाई ओरडल्या. म्हणाल्या, मला अजून माया सोडता येत नाही. होईल म्हणा सवय."

आईच्या हातातला चहा तसाच राहिला. माया सोडायची? कुणाची? आईबापांचीच ना. सगळे धागे एकदम जुळले. नोकरी सोडली, घर सोडलं, आता माया. पुढची पायरी म्हणजे मठात जाऊन सिस्टर होणं.

"अहो, ऐकलंत का?"

"शिवण शिकतेय ती," नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "संन्यास घेत नाहीये."

त्याच्याशी बोलण्यात काही राम नव्हता. आईने मोठ्या बहिणीला, ताईला फोन लावला. ताई निवृत्त मुख्याध्यापिका, तिच्याकडे तोडगा तयार असायचाच. ठरलं असं, की ताईने आजारी पडायचं. मुलीचा मावशीवर जीव. सोबतीला म्हणून रविवारी गाडीने ताईच्या गावी न्यायची आणि तिकडेच नोकरीला चिकटवायची. बाईची सावली सुटली की डोकं ताळ्यावर येईल.

तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून शुक्रवारी आई जुना कोट घेऊन दुकानात गेली. काखेत दाटतो, सैल करून द्या, असं निमित्त. मुलगी आईला बघून खूश झाली. बाईने टाचण्यांमधूनच "या, बसा" केलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. आई आत गेली, एक हात कोटात घातला आणि कान बाहेर लावला.

बाहेर बाई मुलीला सांगत होती, "अगं, हात आखडू नकोस. माया सोडायची तर मोकळेपणी सोड. आत्ता सोडलीस तर पुढे कुणावर रडायची पाळी येत नाही."

पडदा खर्रकन सरकला. "मी रडतेय, त्याचं काय?" आई म्हणाली. कोटाची दुसरी बाही मागे लोंबत होती. "माझ्या पोरीला माझी माया सोडायला शिकवता?"

मुलगी खडू हातात धरून उभी राहिली. बाईने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मनगटाला बांधलेल्या छोट्या उशीत खोचल्या. मग पुढे येऊन तिने आईच्या कोटाची कड उलटी केली.

"हे बघा. तुमच्या शिंप्याने शिवण अगदी काठावर मारलीय. आत जास्तीचं कापड राखायला हवं होतं. त्याला म्हणतात माया. ती सोडलीच नाही, तर आता सैल कुठून करू? माणूस वाढतं हो. कपडा पुरायला नको त्याला?"

मुलीने तोंडावर हात धरला. तिला हसू आवरेना.

आईचे कान तापले. तरी ती सहजासहजी हटणारी नव्हती. किती साळसूद उत्तर, असंही एकदा मनात येऊन गेलं. "आणि ते सगळं देवावर सोडायचं, ते कोण शिकवतं हिला?"

"मी काय शिकवणार?" बाई म्हणाली. "माझंच मला जमत नाही. सकाळी मुलाला प्रभूच्या हाती देते. दुपारी जेवायला बसले की परत मागून घेते, हा जेवला असेल का म्हणून. संध्याकाळी पुन्हा द्यायचा."

"देव कंटाळत नाही?" आईला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"कंटाळला तर सांगेल की."

"ही सिस्टर होणार आहे का, तेवढं सांगा."

"आई, मी इथेच उभी आहे," मुलगी म्हणाली. "मला विचार ना."

आईने आजवर नवऱ्याला विचारलं होतं, ताईला विचारलं होतं, देवाला तर बजावलंच होतं. "होणारेस?" तिने विचारलं.

"मला अजून बाही नीट बसवता येत नाही. पुढचं खरंच माहीत नाही गं."

नाही, असं काही ती म्हणाली नव्हती. आईने ते बरोबर टिपलं.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. "मावशीचा फोन आला होता. आवाज किती खोल गेलाय तिचा. मी जाते रविवारी, लागतील तेवढे दिवस राहीन. बाईंनी माझी मशीन राखून ठेवते म्हटलंय. आणि त्या रोज प्रार्थनेत तिचं नाव घेतात, बरं का."

आत बाईने नवं कापड पसरलं होतं आणि त्यावर पालथा हात ठेवला होता. ती ताईसाठीच काही मागत असेल, या विचाराने आई पुढे उभीच राहू शकली नाही.

घरी आल्यावर तिने कोट खुर्चीवर टाकला आणि नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. "प्रभू, तिला एवढी बुद्धी दे की," इथपर्यंत आली आणि थांबली. पुढच्या सूचना तोंडपाठ होत्या, पण आज त्या पुढे सरकेनात. तिने कोटाची कड उलटून बघितली. खरंच, आत बोटभरही कापड नव्हतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या इच्छेप्रमाणे." उद्या दुपारपर्यंत परत मागून घेईन, हे तिला ठाऊक होतं. बाईबद्दलची शंकाही सगळी गेली नव्हती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"ताईला बरं करायचंय," आई म्हणाली आणि तिने फोन उचलला.